गुडघ्याची गाठ आणि कोरा चौकोन

काकिनाडा, सोमवार, दुकान बंद ठेवून

महाराजश्री कोटेश्वररावगारू, आमच्या कैलासवासी अम्माचे धाकटे भाऊ म्हणून आमचे मामय्या आणि आमच्या अक्काचे यजमान म्हणून आमचे बावगारू, यांच्या दोन्ही पायांना वेगवेगळा नमस्कार. उजव्या पायाला भाच्याचा, डाव्या पायाला मेव्हण्याचा. (एकाच माणसाशी दोन नाती असली की नमस्कार दोन पडतात आणि आशीर्वाद मात्र एकच मिळतो, ही माझी तुमच्या लग्नापासूनची तक्रार आहे.) इकडे आम्ही सर्व कुशल आहोत. सर्व म्हणजे आमची गृहलक्ष्मी सुगुणा, शेजारपाजार आणि दुकानातले पंखे. माझं पुढे येईलच. तिकडे अक्का, तुमचा पंडू, आपली काळी म्हैस आणि कालव्याकडेची नारळाची रांग, सगळे ठीक असतील अशी आशा. नारळावरची ती पांढरी माशी गेली का? तुम्ही झावळी स्कूटरला आडवी बांधून संशोधन केंद्रात तपासायला घेऊन गेलात आणि वाटेत एका हवालदाराची टोपी उडवलीत, हे इथपर्यंत आलं आहे. तपासून घेतलंत हे फार चांगलं केलंत. पानाला काय झालंय ते वरून बघून कळत नाही, आत बघावं लागतं, असं तुम्ही तिथल्या साहेबाला सुनावलंत म्हणे. हे वाक्य मी जपून ठेवलं आहे.

तुम्ही विचाराल, फोन असताना रत्नम् पत्र का लिहितो? मामय्या, गेल्या महिन्यात मी तुम्हाला जितके फोन केले, त्या प्रत्येक फोनात हवापाणी, म्हैस, सरपंच यांच्याबद्दल बोलेपर्यंत तुमचा आवाज घंटेसारखा खणखणीत असतो. मी ‘दवाखाना’ म्हटलं की तुमच्याकडे वारं सुटतं. ‘रत्नम्, ऐकू येत नाही रे, लाईन खराब आहे,’ असं तुम्ही इतक्या स्पष्ट आवाजात सांगता की मलाच लाज वाटते. पत्राची लाईन खराब होत नाही, म्हणून पत्र.

आणि मी कशासाठी लिहितोय ते सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे तुमच्या मनात किंतु नको. पंडू पाच वर्षांचा झाला. त्याचा कान पुन्हा वाहतोय, खोकला जाऊन परत येतोय, यंदा दोनदा त्याच्या छातीत कफ साचून ताप चढला. गावातला कंपाउंडर सुई टोचतो, ताप उतरतो, तुम्ही म्हणता झालं, आणि पोरगं पुढच्या अमावास्येच्या आत पुन्हा अंथरुणात. मला त्याचं रक्त एकदा, फक्त एकदा, इथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडून तपासून हवंय. आता तुम्ही वाचायचं सोडून चष्मा काढाल. काढू नका. अमलापुरमला त्या पोरांच्या डॉक्टरकडे काय झालं ते मला अक्काकडून, बसच्या कंडक्टरकडून आणि तुमच्याकडून अशा तीन पाठांत माहीत आहे. त्या नवशिक्यानं पंडूच्या छातीला नळी लावायच्या आधी तुम्हाला विचारलं, ‘मेनरिकम का? घरातल्या घरात लग्न?’ आणि तुम्ही उठलात, पोराला खांद्यावर टाकलंत आणि म्हणालात, ‘मी नाडी दाखवायला आलोय, पत्रिका नाही!’ (वाक्य फक्कड होतं. कोनसीमेतले अर्धे लोक आता ते स्वतःचं म्हणून वापरतात.) तेव्हापासून तुम्ही कुठल्याही डॉक्टरचं तोंड पाहिलेलं नाही आणि पंडूच्या छातीला नळी लागायची तीही राहूनच गेली.

असो. तुम्हाला शिकवणारा मी कोण? मी माझ्या गुडघ्याची हकीगत सांगतो. ती ऐकायला तुमची हरकत नसावी, कारण गुडघा मेनरिकमचा नाही.

उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी सुजू लागला हे तुम्हाला ठाऊकच आहे. पहिल्यांदा वाटलं, दिवसभर दुकानात मांडी घालून मिक्सर उघडतो त्यानं असेल. सुगुणा म्हणाली, मांडीनं नाही, आळसानं. घरमालक म्हणाले, शनी. आपल्या गावच्या हाडवैद्यानं पाय धरून असा ओढला की गुडघा तिथेच राहिला आणि माझा जीव मात्र जरा वर सरकला. तुम्ही स्वतः लसणाच्या तेलाची बाटली घेऊन आलात, गुडघा दाबून पाहिलात आणि निकाल दिलात, ‘वात आहे. वांगं सोड.’ मामय्या, मी गोदावरीकाठचा माणूस. भरलं वांगं सोडणं म्हणजे अर्धा संसार सोडणं. तरी सोडलं. गुडघा सुजतच राहिला आणि सुगुणा रोज माझ्यासमोर बसून वांगं खात राहिली. (ती म्हणते, ‘वात तुम्हाला आहे, मला नाही.’)

शेवटी जिना उतरता येईना तेव्हा हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. चक्रधर त्यांचं नाव. बोलायला गोड, हात मात्र सुताराचे. त्यांनी गुडघ्यात सुई घालून पाणी काढलं. मी मान वळवून पाहात होतो, कारण माझी खोड तुम्हाला माहीत आहे, उघडलेली वस्तू पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. पाणी चिंचेच्या कोळाच्या रंगाचं निघालं. (सुगुणाला हे सांगितल्यापासून घरात माशाचं चिंचेचं पुलुसू झालेलं नाही. चूक माझीच.) मग मोठ्या यंत्रात घालून फोटो काढले आणि चक्रधर म्हणाले की सांध्याच्या आतल्या अस्तराला गाठ आलीय. माझं तोंड उतरलेलं पाहून घाईघाईनं म्हणाले, ‘घाबरू नका, कर्करोग नाही. ही साधी गाठ. अंगात दुसरीकडे कुठे जायची नाही.’ मी विचारलं, मग ती करते काय? म्हणाले, ‘बसून राहते आणि वाढते. आणि हळूहळू हाड खाते.’ म्हणजे, मामय्या, घरजावई! मारत नाही, कुठे जात नाही, घराचं वाईटही चिंतीत नाही, नुसता बसून खातो. तुमच्या चुलतभावाच्या घरचा आठवून मला एकदम सगळं समजलं. काढावीच लागेल म्हणाले. ऑपरेशन ठरलं.

इथून खरी गंमत सुरू होते. ऑपरेशनआधी रक्तगट पाहतात. रक्तपेढीतला मुलगा माझं रक्त घेऊन आत गेला तो बराच वेळ बाहेर येईना. आला तो म्हणाला, पुन्हा घ्यावं लागेल. पुन्हा घेतलं. पुन्हा आत. मग बाहेर येऊन माझ्याकडे असा पाहू लागला जसा मी, एखादं गिऱ्हाईक ‘काही केलं नाही, आपोआप बंद पडला’ म्हणत मिक्सर आणतं, त्याच्याकडे पाहतो. त्याचं म्हणणं, रक्तगट दोन बाजूंनी तपासतात. एका बाजूनं माझं रक्त सांगतं की मी ‘ओ’ आणि दुसऱ्या बाजूनं सांगतं की मी ‘एबी’. दोन्ही एका माणसात असणं शक्य नाही. मला राहवेना, मी सगळं खोदून विचारलं. तेव्हा कळलं ते असं की प्रत्येकाच्या रक्तात परक्या गटाशी जन्माचं वैर असतं. ‘ओ’वाल्याच्या रक्तानं ‘ए’ आणि ‘बी’ दोघांना पाहताक्षणी गुठळ्या करून धरायचं, ही रीत आहे. माझ्या रक्तासमोर त्यानं दोन्ही आणून ठेवले आणि माझं रक्त शांत बसून राहिलं. कुणाशी म्हणून वैर नाही! मी घरी येऊन ही बातमी जरा अभिमानानं सांगितली. सुगुणा तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, ‘रक्तात राग नाही ना? मग जिभेवर येतो तो कुठल्या दुकानातून आणता?’

ही भानगड अनसूयाम्मांकडे गेली. अनसूयाम्मा म्हणजे इथल्या वयस्क डॉक्टरीणबाई, चष्मा दोरीनं गळ्यात, आणि पेशंटला ‘अरे बाबा’ म्हणायची सवय. त्यांनी गुडघ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाल्या, ‘अरे बाबा, आ कर.’ मी आ केला. त्यांनी बॅटरी मारली, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं आणि दोन शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं. माझ्या घशात गर्दी झाली. ‘टॉन्सिल कधी काढल्या?’ असं विचारलं. मी म्हटलं, काढल्या नाहीत, मला नव्हत्याच कधी. मामय्या, तुम्हाला आठवतं? तुमच्या टॉन्सिल लहानपणी काढल्या तेव्हा तुम्ही आठ दिवस बर्फ खात होता असं अम्मा सांगायची. आणि माझ्या शाळेत डॉक्टर आले तेव्हा वर्गातल्या सगळ्या पोरांच्या सुजलेल्या आणि माझा घसा साफ, म्हणून अम्मानं देवळात नारळ फोडला होता. मी वीस वर्षं हे भूषण म्हणून मिरवलं. आणि बाई शांतपणे म्हणाल्या, ‘अरे बाबा, त्या नसणं हीच तर खूण.’

पुढे त्यांनी माझं सगळं बालपण उकरलं. दर थंडीत छातीत कफ साचून खाटेवर. कान वाहणे, नाक वाहणे. एकदा तर पुष्करात मला नदीत बुडी मारायला नेलं आणि महिनाभर ताप. अम्मा म्हणायची पोरगा नाजूक, तुमची आई, आमची अम्मम्मा, म्हणायची दृष्ट. बाई ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या. मग रक्त पुन्हा, वेगळ्या तपासासाठी. आणि निकाल असा की रोगजंतूंशी लढणारी जी प्रथिनं प्रत्येकाच्या रक्तात असतात ती माझ्यात जवळजवळ नाहीतच. कमी झाली असं नाही. जन्मापासून शरीरानं ती बनवलीच नाहीत. त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे, ते मी तुम्हाला लिहीत नाही कारण ते वाचताना तुमचा कॉफीचा पेला निवेल. दुर्मिळ आहे, घराण्यातून येतं. मी म्हटलं, बाई, माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर कारखान्यातूनच कॉइल न गुंडाळता आलेला पंखा? म्हणाल्या, बरोबर. मी विचारलं, मग एकतीस वर्षं फिरत कसा होता? बाई म्हणाल्या, ‘वाऱ्यानं. वारा होता म्हणून फिरला, तुम्हाला वाटलं चालू आहे.’ मी हसलो आणि मग घरी येताना रिक्षात मला त्या वाक्याचा अर्थ कळला.

आता कुतूहलाची गोष्ट ऐका. हा रोग लाखांत एखाद्याला. ती गाठही लाखांत मोजक्यांना. दोन्ही एकदम असलेला माणूस कुणीच पाहिला नव्हता. अचानक माझा भाव वधारला. पंख्याची पाती सरळ करणाऱ्या रत्नम्‌ला पाहून डॉक्टर लोक खुर्चीतून उठू लागले. दोन दुर्मिळ गोष्टींचं एकमेकींशी नातं आहे का, यावर चक्रधर आणि अनसूयाम्मा माझ्या डोक्यावरून भांडले. चक्रधरांचं म्हणणं, नातंबितं नाही, एका चाळीत दोन भाडेकरू, जिन्यावर भेटले इतकंच. बाई म्हणाल्या, ज्या सांध्यात वर्षानुवर्षं बारीकसारीक जंतू येऊन जात असतील, तिथलं अस्तर चिडून काही करणारच नाही असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगाल का? चक्रधरांनी हात छातीवर नेला आणि खिशातलं पेन काढून त्याचं टोपण उघडू लागले. मी विचारलं, मग खरं काय? दोघंही एकदम म्हणाले, ‘माहीत नाही.’ मामय्या, शिकलेल्या माणसांच्या तोंडून हे दोन शब्द ऐकून मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा विश्वास वाटला. आता माझ्या गुडघ्याचे फोटो हैदराबादच्या सभेत दाखवणार आहेत. चेहरा दाखवणार नाहीत. (सुगुणा म्हणाली, ‘योग्य तेच दाखवतायत.’)

ऑपरेशन झालं. गुडघा पुढूनही उघडला आणि मागूनही. शुद्धीवर आल्यावर मी काढलेला माल मागितला, जसं आपण गिऱ्हाइकाला जुना पार्ट परत देतो. बरणीत दाखवला. विटकरी रंगाचा, झुपक्या झुपक्यांचा, पाण्यात बुडालेल्या खांबावरच्या शेवाळासारखा. मी तो बराच वेळ पाहिला. माझ्याच अंगात, माझाच भात खाऊन, मला न विचारता हे सगळं वाढलं होतं. मला त्याचा राग आला नाही. उलट त्या गाठीचे उपकारच झाले. ती नसती तर रक्तगट तपासला नसता, रक्तगट तपासला नसता तर हे कळलं नसतं आणि पुढच्या एखाद्या थंडीत वारा पडला असता.

ऑपरेशनच्या आधीच त्यांनी मला बाटली लावली होती आणि आता दर महिन्याला लावतात. ती काय असते माहीत आहे? हजारो लोकांच्या रक्तातून गाळून काढलेली तीच प्रथिनं, जी माझ्यात नाहीत. म्हणजे कुणाला कांजिण्या येऊन गेल्या, कुणी गोवर सोसला, त्या सगळ्यांच्या अंगानं जे कमावलं ते थोडं थोडं माझ्या शिरेत. मी बाटलीकडे पाहात पडून असतो आणि विचार करतो, यात कोण कोण असेल! पश्चिम गोदावरीचे, पूर्व गोदावरीचे, आपल्यात मुलगी न देणारे, आपल्या हातचं पाणी न पिणारे. आपल्याकडच्या दोन बड्या सिनेनटांचे चाहते, जे थेटराबाहेर एकमेकांची डोकी फोडतात, ते इथे एका बाटलीत मुकाट. एखाद्यानं तुमच्या बांधावरून तुमच्याशी कोर्टकचेरी केली असेल आणि त्याचाच गोवर आज मला वाचवत असेल. असं सगळं गाव अंगात घेऊन मी या थंडीत पहिल्यांदाच खोकल्याशिवाय झोपलो. सुगुणा दोनदा उठून मी जिवंत आहे का पाहून गेली, कारण माझ्या खोकल्याशिवाय तिला झोप लागेना.

आता या पत्रातला जो भाग वाचताना तुम्ही चष्मा काढणार होता, तो आला. बाईंनी एक दिवस पेन्सिल घेतली आणि म्हणाल्या, घराणं सांग. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. मी सांगत गेलो, त्या काढत गेल्या. अम्मम्मा गोल. तिच्या पोटी अम्मा गोल, तुमच्या थोरल्या भावाचा, पेद्दबाबूचा चौकोन, मग तुमचा चौकोन. अम्माच्या पोटी अक्का गोल, मी चौकोन. इथपर्यंत कागद सरळ होता. मग मी म्हटलं, आता अक्काचा नवरा. बाईंनी उजवीकडे जागा सोडून नवीन चौकोन काढायला सुरुवात केली. मी म्हटलं, नवीन नको, वर तिसरा आहे तोच. बाईंनी पेन्सिल वर नेली, तुमच्या चौकोनापासून रेघ खाली आणली, ती अम्माच्या रेघेवरून गेली, माझ्या रेघेला कापून गेली. दुसऱ्या एखाद्या घरचं चित्र झाडासारखं होत असेल, आपलं सिंगल फेजच्या मोटारीची वायरिंग दोघांनी मिळून केल्यासारखं दिसू लागलं. आणि बाई म्हणाल्या, ‘म्हणजे मेनरिकम.’

मामय्या, माझं डोकं तापलं. मी तुमचाच भाचा. मी म्हटलं, ‘बाई, मी गुडघा दाखवायला आलोय, पत्रिका नाही!’ (उसनं वाक्य, पण वेळेवर आलं.) बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘अरे बाबा, पुष्कळ रोगांत घरातल्या लग्नाचा संबंध असतो, म्हणून आम्ही विचारतो. विचारावंच लागतं. पण तुझ्या रोगाला त्याच्याशी कर्तव्य नाही.’ आणि त्यांनी मला ते कागदावर दाखवलं. हा दोष बायकांच्या अंगात निजलेला राहतो, त्यांना काही होत नाही. त्यांच्या मुलग्यांत उतरला तर जागा होतो. सगळ्याच मुलग्यांत उतरत नाही, निम्म्यांच्या वाट्याला येतो, निम्मे सुटतात. बापाकडून मुलग्याला तो येऊच शकत नाही. बाप मुलग्याला त्या बाबतीत मुलगेपण तेवढं देतो. अक्काचं लग्न तुमच्याशी न होता काश्मीरच्या एखाद्या सफरचंदवाल्याशी झालं असतं तरी पंडूच्या बाबतीत फरक पडला नसता. मग त्यांनी पेन्सिलीनं अम्मम्माच्या गोलात एक ठिपका दिला, अम्माच्या गोलात दिला. माझा चौकोन काळा केला. पेद्दबाबूचा काळा केला. तुमच्या चौकोनावर पेन्सिल गेली, थांबली, आणि तो तसाच कोरा ठेवून पुढे गेली.

पेद्दबाबू सात वर्षांचा होऊन गेला. गोरापान होता म्हणून दृष्ट लागली, असं आपल्याकडे सांगतात. अम्मम्मा मरेपर्यंत सुपारीवाल्या म्हातारीला शिव्या देत होती, कारण तिनं एकदा ‘किती गोड पोर’ म्हटलं होतं. मला त्या कागदाकडे बघून रडू आलं. त्या म्हातारीचं काही चुकलं नव्हतं, अम्मम्माचंही नाही. आणि तुमचं तर नाहीच. अम्मानं तुम्हाला तान्हेपणी कडेवर वागवलं. मुलगी परक्या घरी द्यायला नको म्हणून तिनं तुमच्याकडून वचन घेतलं, आणि तुम्ही ते पाळलंत. त्या वचनामुळे पोर आजारी, असं कुणीतरी तोंडावर म्हणेल, या एका भीतीनं तुम्ही दवाखान्याची पायरी सोडलीत. मला वाटायचं तुम्ही हट्टी आहात. तुम्ही हट्टी आहातच, पण हट्टाखाली हे होतं ते मला त्या दिवशी कळलं.

आता कुणी म्हणेल की बायकांकडून आलं म्हणजे बायकोच्या माहेरचा दोष. इतर घरांत नवरा लगेच म्हणतो, ‘तुझ्या माहेरनं हेच दिलं.’ मामय्या, तुम्ही कुणाला म्हणणार? अक्काचं माहेर म्हणजे तुमची सख्खी बहीण. तिचं आजोळ म्हणजे तुमची आई. बोट दाखवायला जागाच नाही, जिथे दाखवाल तिथे तुम्हीच उभे. मेनरिकमचे तोटे आजवर पुष्कळांनी सांगितले, हा एक फायदा मात्र माझ्या गुडघ्यानं शोधून काढला.

तर विनंती इतकीच की पंडूला घेऊन या. कोणी ‘मेनरिकम का’ विचारलं तर छातीठोक ‘होय’ म्हणा आणि पुढचा प्रश्न विचारा म्हणावं. अक्काला नमस्कार, पंडूला मुके. सुगुणाचाही नमस्कार. हे पत्र लांबलं ते पाय लांब करून बसावं लागतं म्हणून.

तुमचा भाचा आणि मेव्हणा (आज जे नातं जास्त जवळचं वाटेल ते धरावं),
वेंकटरत्नम्

ता. क. सोबत खाजा पाठवतोय. डबा अक्कानं उघडावा. तुमच्या हातात पडला तर पंडूपर्यंत कागदच पोचेल.

ता. क. दुसरा. आवकायची बरणी पाठवा. सुगुणाच्या माहेरचं लोणचं चवीला चांगलं असतं पण त्यात तिखट कमी असतं. (ही ओळ सुगुणाला दाखवलेली नाही.)

ता. क. तिसरा. मामय्या, वरचं सगळं खरं आहे, पण ‘पंडूला तपासायला आणा’ हे खरं नाही. तपास झाला आहे. गेल्या पंधरवड्यात अक्का अन्नवरमला सत्यनारायणाचं व्रत करायला म्हणून गेली, ती पंडूला घेऊन आधी आमच्याकडे उतरली. तिनं बाईंसमोर त्याचं तोंड उघडलं आणि मला म्हणाली, ‘रत्नम्, तू बघ. माझ्यानं बघवत नाही.’ मी पाहिलं, घसा साफ. रक्ताचा निकाल शुक्रवारी आला. पंडूला माझंच आहे. मी हे पत्राच्या शेवटी लिहितोय कारण त्या अमलापुरमच्या पोरानं तुम्हाला आधी प्रश्न विचारला आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. मी ‘तुमच्या लग्नाचा दोष नाही’ हे उत्तर आधी दिलं.

बाई म्हणाल्या, पाचव्या वर्षी सापडलं हे नशीब. महिन्याला एक बाटली, आणि हा शाळेत जाईल, कालव्यात पोहेल, नारळावर चढून तुमच्या शिव्या खाईल. माझ्यासारखं वाऱ्यावर अवलंबून राहायला नको. पहिली बाटली येत्या गुरुवारी. सुई टोचताना बापानं धरलं तर पोरं कमी रडतात, हे बाईंचं म्हणणं.

अक्कानं तुमच्याशी खोटं बोलून हे केलं, म्हणून तिला झोप नाही. रागावाल याची तिला भीती नाही, तुमचा राग तिनं लहानपणापासून पाहिलाय. ठिपका आपल्या गोलात आहे हे तिला कळलंय आणि तुम्ही ते ऐकल्यावर तिच्याकडे कसं बघाल, एवढंच तिला कळत नाहीये. तुम्ही दारात बसून वाचाल हे धरूनच मी हे लिहिलंय, आणि तुमची सवय अशी की पत्र मोठ्यानं वाचायचं, म्हणजे ती आतल्या बाजूला दाराआड उभी राहून सगळं ऐकत असेल. पत्र संपलं. आता आत जा.